देखभाल-सेवेचं शैक्षणिक क्रेडिट

वृद्धाश्रम, हॉस्पिटल, पाळणाघर, दिव्यांगांच्या संस्था अशा ठिकाणी विद्यार्थ्यांनी बिनपगारी काम करायचं आणि शाळेने त्याचं क्रेडिट द्यायचं किंवा पास व्हायला लागणाऱ्या तासांत ते धरायचं, अशी ही पद्धत.

उगमाबद्दल एकमत नाही. बरेच जण अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सपासून सुरुवात करतात, कारण त्याने १९१० मध्ये तरुणांना लष्कराऐवजी समाजाच्या कामाला लावा असं सुचवलं होतं. पण त्याची यादी बघितली तर खाणी, मासेमारी, रस्ते, बोगदे, भांडी घासणं सगळं आहे, आजाऱ्याची देखभाल तेवढी नाही. दुसरे लोक अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईचं नाव घेतात, अनुभवातून शिक्षण वगैरे, ते ठीक आहे पण फारच ढोबळ. हॉस्पिटलपुरतं बोलायचं तर १९४४ च्या सुमारास न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजला शाळकरी मुलींनी पट्ट्यापट्ट्यांचा युनिफॉर्म शिवून वॉर्डात मदत सुरू केली, हा धागा जास्त जवळचा वाटतो.

तासांवर क्रेडिट ही कल्पना मात्र वेगळ्याच दारातून आली. १९०५ मध्ये अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीने प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी १ कोटी डॉलर दिले, मग पेन्शन कुठल्या कॉलेजला द्यायची हे ठरवायला प्रवेशाचे निकष लागले, आणि त्यातून एका विषयाचे वर्षाला साधारण १२० तास म्हणजे एक युनिट हे माप रूढ झालं. वर्गात बसण्याचं हे माप पुढे सेवेलाही लागलं, आणि निम्मे वाद तिथूनच निघतात.

सक्तीचा टप्पा बराच उशिराचा. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्याने १९९२ मध्ये शाळा पास व्हायला ७५ तास सेवेचा नियम केला, कॅनडातल्या ऑन्टारियोत १९९९ पासून ४० तास. अमेरिकेतच पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेममध्ये ६० तासांची अट होती, ही वेठबिगारीच आहे म्हणून पालक कोर्टात गेले, पण १९९३ मध्ये अपील कोर्टाने ते मानलं नाही. जपानमध्ये १९९७ च्या कायद्याने प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शिक्षकाच्या परवान्यासाठी ७ दिवसांचा देखभालीचा अनुभव लागतो, अर्थात ते शाळेचं क्रेडिट नव्हे. भारतात १९६९ ची राष्ट्रीय सेवा योजना, वर्षाला १२० तास, पण त्यात वृक्षारोपणापासून रक्तदान शिबिरापर्यंत सगळंच येतं.

नोंद सहसा लॉगशीटवर होते, म्हणजे तारीख, आल्या-गेल्याची वेळ, काय केलं आणि इन्चार्जची सही. व्हीलचेअर ढकलणं, पेपर वाचून दाखवणं, गप्पा मारणं ही कामं चालतात, औषध देणं किंवा माणसाला पलंगावरून उचलणं सहसा प्रशिक्षित स्टाफकडेच राहतं. पण मुलं तासाच्या हिशोबाने येतात आणि तास भरले की येणं बंद होतं, ज्या आजी त्यांची वाट बघायला लागलेल्या असतात त्यांच्यासाठी लॉगशीटवर रकाना नसतो. सोबत लिहायच्या डायरीत रुग्णाचं नाव किंवा आजार येऊ नये हेही मुलांना आधी सांगावं लागतं, कारण ती डायरी मार्कांसाठी मास्तरांच्या हातात जाते.