ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज : पोच अन् तारीख सांभाळा

"अर्ज टाकून तीन महिने झाले, काहीच आलं नाही" असं सांगत लोकं येतात, पोच दाखवा म्हटलं तर पोच नाही. सचिवाकडं दोन-तीन गावं असतात, ते भेटत नाहीत म्हणून चपराश्याच्या हातात कागद देऊन माणूस वावरात निघून जातो, अन् मग पंचायत म्हणते आमच्याकडं अर्जच आला नाही. भाऊ, दुसरी झेरॉक्स सोबत न्या, तिच्यावर सही, शिक्का, तारीख घ्या. कोणी घेतच नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा, लिफाफा "घेण्यास नकार" शेरा मारून परत आला तर तो फोडू नका, तसाच ठेवा, तोच तुमचा पुरावा.

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये (अर्जाचा ठरलेला नमुना), त्यावर 10 रुपयाचं कोर्ट फी तिकीट. बीपीएलवाल्यांना फी नाही, पण पुरावा जोडावा लागतो, अन् नुसतं पिवळं रेशन कार्ड जोडलं म्हणून अर्ज परत आलेले मी पाहिलेत. यादीतल्या नंबरासकट दारिद्र्यरेषेचा दाखला जोडा, नसेल तर सरळ 10 रुपये भरा, त्या दाखल्यापायी महिना घालवू नका.

"काऊन पाहिजे माहिती?" असं विचारलं तर घाबरू नका, माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(2) प्रमाणे कारण सांगायची गरजच नाही अन् ते विचारायचा त्यांना हक्कही नाही. पण तुम्हीही "नाली निकृष्ट का बांधली" असं लिहू नका, "का" ला उत्तर मिळत नाही, कागद मागा. वॉर्ड 2 च्या नालीचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (एमबी), बिलं, 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024, असं नेमकं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय अन् 150 शब्दांची मर्यादा आहे, नाली, घरकुल, नळयोजना सगळं एकात कोंबलं की पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीसाठी वेगळे अर्ज करा म्हणू शकतात. एमबी पंचायत समितीत आहे म्हणाले तर कलम 6(3) खाली 5 दिवसात अर्ज तिकडं पाठवणं त्यांचंच काम आहे.

आता तारीख. 30 दिवस अर्ज तिथं पोचल्यापासून मोजायचे, लिहिल्यापासून नाही. मधात पैसे भरा असं पत्र आलं (पानाला 2 रुपये), तर तुम्ही भरेपर्यंतचे दिवस धरत नाहीत, म्हणून लगेच भरा अन् पावती घ्या. अन् सगळ्यात जास्त लोकं इथं फसतात : उत्तर नाही आलं तर वाट पाहात बसतात. अर्ज 5 जूनला पोचला तर मुदत 5 जुलैला संपते, अन् तिथून 30 दिवसात, म्हणजे 4 ऑगस्टच्या आत, पहिलं अपील गेलं पाहिजे. पंचायत समितीत, जोडपत्र 'ब', 20 रुपयाचं तिकीट. कापूस वेचणी, लग्नसराई काही असो, ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत गेल्यावर सबळ कारण दिलं तर घेऊ शकतात, पण ते त्यांच्या मर्जीवर. मुदत उलटून माहिती दिली तर मात्र तिचे पैसे घेता येत नाहीत, कलम 7(6), कोणी मागितलेच तर हे कलम दाखवा.

तिथंही काही झालं नाही तर 90 दिवसात दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं, आपल्या विदर्भासाठी खंडपीठं नागपूर अन् अमरावतीला आहेत. त्याला अर्ज, पोच, पहिलं अपील, सगळ्याच्या प्रती लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून एक पिशवी वेगळी करा अन् तिच्यातला एकही कागद कोणाला मूळ देऊ नका.