स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिन: झेंडावंदन एक, ऋणे दोन

मराठी माणूस या दोन्ही दिवसांना एकाच शब्दाने ओळखतो: झेंडावंदन. आदल्या रात्री इस्त्री केलेला गणवेश, मैदानावर आखलेल्या फक्कीच्या रेघा, राष्ट्रगीत, भाषणे आणि घरी परतताना जिलेबी, हे सारे ऑगस्टमध्ये असते तसेच जानेवारीतही असते; एकदा पायाखाली चिखल असतो आणि एकदा हवेत गारठा असतो, एवढाच काय तो फरक जाणवतो. त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. तरीही एका शाळेत २६ जानेवारीला प्रमुख पाहुण्यांनी ‘आजच्या दिवशी आपण इंग्रजांच्या गुलामीतून मुक्त झालो’ असे ठासून सांगितले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. त्या मुलांना आपल्या देशाचे आभार मानायचे होते, पण ते नेमके कशाबद्दल मानायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी परकीय सत्ता गेली. त्या दिवसाची कृतज्ञता लढणाऱ्यांबद्दलची आहे, आणि ती व्यक्त करताना नावे घ्यावीत असे मला वाटते. नंदुरबारमध्ये ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हाती घेऊन मिरवणुकीत निघालेला आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेला शिरीषकुमार मेहता अवघा पंधरा वर्षांचा होता, म्हणजे आज झेंड्यासमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांएवढा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रज राजवटीला समांतर उभे राहिलेले प्रतिसरकार ज्यांच्या भाकरीवर तगले, त्या घरांची नावे मात्र कोणत्याही फलकावर नाहीत.

परंतु इंग्रज गेले त्या दिवशी आपण प्रजासत्ताक झालो नव्हतो. पुढची जवळजवळ अडीच वर्षे भारत हे एक ‘डोमिनियन’ होते. सहावे जॉर्ज हेच कायद्याने आपले राजे होते, त्यांचे प्रतिनिधी म्हणून आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी हे गव्हर्नर जनरल होते, आणि कारभार चालत होता तो १९३५ च्या भारत सरकार कायद्यात फेरफार करून. हे सर्व संपले २६ जानेवारी १९५० रोजी. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारले गेले होते आणि त्यातली नागरिकत्वासारखी काही कलमे तेव्हाच लागूही झाली होती. उरलेल्या संविधानासाठी दोन महिने थांबण्याचे कारण भावनेचे होते. लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाल्यानंतर २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पहिल्यांदा ‘स्वातंत्र्यदिन’ पाळला गेला होता. ज्या तारखेला लोकांनी वर्षानुवर्षे शपथ घेतली, ती तारीख वाया जाऊ नये म्हणून ती प्रजासत्ताकाला दिली गेली. आजची गल्लत एका अर्थाने इथूनच सुरू होते.

२६ जानेवारीची कृतज्ञता म्हणूनच वेगळी आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि संविधान सभेतील त्यांचे सहकारी यांनी फाळणीचे लोंढे दिल्लीत येत असतानाही कलमांवर कलमे चर्चेला घेतली. त्याआधी मताचा अधिकार मालमत्ता, शिक्षण, कर अशा अटींवर अवलंबून होता. संविधानाने तो प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला दिला, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी लोक मतदार झाले. निरक्षर शेतमजूर बाईच्या मताचे वजन आणि कारखानदाराच्या मताचे वजन सारखे झाले. याबद्दल देशाचे आभार मानताना माझा आवाज आजही कापतो.

हा भेद मराठवाड्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे तिरंगा उभारणे म्हणजे अटकेला आमंत्रण होते. सुटका झाली ती भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’नंतर, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, आणि म्हणून आजही त्या जिल्ह्यांत मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण वेगळे होते. पण २६ जानेवारी १९५० हा दिवस औरंगाबादलाही पुण्याइतकाच पहिला होता. एकेकाळचा सर्वसत्ताधीश निजाम त्या दिवसापासून संविधानाच्या चौकटीतला राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा घटनात्मक प्रमुख झाला. गोव्याला मात्र या दोन्ही तारखा परक्या होत्या. तिथे पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकली.

झेंड्याच्या दोरीतही हा फरक दाखवण्याची परंपरा आहे. १५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवतात, म्हणून ते ध्वजारोहण. २६ जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो आणि दोरी ओढून नुसता उलगडतात. पहिल्या दिवशी लाल किल्ल्यावर पंतप्रधान असतात, दुसऱ्या दिवशी कर्तव्यपथावर राष्ट्रपती. महाराष्ट्रात पहिल्या दिवशी मंत्रालयात मुख्यमंत्री आणि दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर राज्यपाल. गावातल्या शाळेत दोन्ही दिवशी ध्वज वरच बांधून ठेवतात, आणि त्यात अवमान काहीच नाही. अवमान होतो तो केशरी पट्टा खाली गेला किंवा कापड जमिनीला टेकले तर. बांधणाऱ्याचे सारे कौशल्य गाठीत असते: घडीत झेंडूच्या पाकळ्या ठेवून दोरीला सुरगाठ मारायची, ती एका झटक्यात सुटली पाहिजे, घाईत निरगाठ बसली, तर पाहुणे दोरी ओढत राहतात आणि सगळे मैदान श्वास रोखून वर पाहत राहते.

संध्याकाळी, जिथे ध्वज सूर्यास्ताला उतरवतात तिथे, दोन्ही दिवसांची कृती एकच असते. झेंडा सावकाश खाली घेतात, दोघे जण तो आडवा धरतात, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडतात, मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा घडी करतात की वर अशोकचक्र आणि कडेला दोन्ही रंगांची थोडी थोडी पट्टी दिसत राहते, आणि ती घडी दोन्ही तळहातांवर ठेवून आत नेतात.