हीटरमधील कूलंटगळतीचे निदान (पिकअप ट्रक)

पिकअप ट्रकच्या केबिनला ऊब देणाऱ्या हीटर यंत्रणेतून कूलंट गळत असेल, तर ते नेमके कोठून गळते हे शोधून काढण्याची रीत. हीटरसाठी वेगळी उष्णता निर्माण केली जात नाही. इंजिन थंड ठेवताना कूलंटने जी उष्णता शोषलेली असते, तीच केबिनकडे वळवतात. म्हणजे हीटरमधून गळणारा प्रत्येक थेंब इंजिनाच्या वाट्याचा असतो. पातळी फार खाली गेली की इंजिन तापते, सिलिंडर हेड वाकते आणि किरकोळ दुरुस्तीचे काम इंजिन उघडण्यावर जाते.

वॉटर पंपाच्या जोरावर गरम कूलंट एका रबरी होसमधून फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापर्यंत येते, पत्र्यापलीकडे डॅशबोर्डखाली बसवलेल्या हीटर कोअरमधून फिरते आणि दुसऱ्या होसने परत जाते. हीटर कोअर हा छोटा रेडिएटरच असतो. बरेच मेकॅनिक त्याला हीटर कॉइल म्हणतात. जुन्या गाड्यांत तो तांबे-पितळेचा असे, आता बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो. काही ट्रकमध्ये होसवर वाल्व्ह असतो आणि हीटर बंद केला की प्रवाह थांबतो. अनेक गाड्यांत मात्र कूलंट सतत फिरत राहते आणि हवा गरम की गार, हे हवेच्या वाटेतली झडप ठरवते. अशा गाडीत हीटरचे बटण बंद ठेवल्याने गळती थांबत नाही.

बहुतेक पिकअपची केबिन चासीवर रबरी माउंटांवर बसवलेली असते आणि इंजिनाला स्वतःचे वेगळे माउंट असतात. खड्ड्यातून जाताना किंवा ओझे ओढताना दोन्ही आपापल्या परीने हलतात आणि तो ताण होसच्या टोकांवर येतो. म्हणून शोधाची सुरुवात टोकांपासून करावी. होस मधोमध नवा दिसतो, पण क्लॅम्पजवळ बोटांनी दाबला की आतून तडकलेला असल्याचे कळते. जोडाला प्लास्टिकचे कनेक्टर असतील तर त्यांच्यावर आधी संशय घ्यावा. वर्षानुवर्षे उष्णता खाल्लेले प्लास्टिक ठिसूळ होते आणि हात लावताच तुटते.

लक्षणे सहसा केबिनमध्येच दिसतात : गोडसर वास, काचेच्या आतल्या बाजूला पुसूनही न जाणारा तेलकट थर, पुढच्या प्रवाशाच्या पायाखाली ओल. ब्लोअरची हवा गार येऊ लागली आणि डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली, तर कूलंट कमी होऊन कोअरमध्ये हवा अडकली असण्याची शक्यता मोठी. रबरी फ्लोअर असलेल्या ट्रकमध्ये वरून सारे कोरडे दिसते आणि खालचा फोम मात्र चिंब असतो. मॅट उचलून हात दाबल्याशिवाय ‘ओल नाही’ असे म्हणू नये.

सर्वांत जास्त फसगत एसीच्या पाण्यामुळे होते. एसीची ड्रेन नळी तुंबली की तिचे पाणीही त्याच जागी साचते. ते स्वच्छ, बिनवासाचे असते आणि वाळल्यावर मागे काही ठेवत नाही. कूलंट बोटांत चोळल्यास निसरडे लागते, त्याला रंग असतो आणि वाळल्यावर पांढरट किंवा रंगीत खपली उरते. पांढऱ्या कागदाने टिपून पाहिल्यास फरक लगेच कळतो. चव मात्र कधीही पाहू नये. बहुतेक कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते, आणि त्याच्या गोडीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. सांडलेले लगेच पुसून घ्यावे.

नजरेला काही सापडले नाही तर दाबाची चाचणी करावी. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरची किंवा कूलंट टाकीची कॅप उघडायची. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठते आणि १५ पीएसआय दाबाखाली १२९ अंशांच्या आसपास उकळते. गरम असताना कॅप सोडली की दाब जातो, ते एकदम उकळून उसळते आणि हात-तोंड भाजते. पातळी भरून कॅपच्या जागी दाबाचा काटा असलेला हातपंप लावावा आणि कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंतच, म्हणजे सहसा १३ ते १६ पीएसआय, दाब द्यावा. पंधरा मिनिटे काटा जागचा हलला नाही, तर गार अवस्थेत गळती नाही. काटा उतरला तर टॉर्च घेऊन होस, जोड, वॉटर पंपाचे वीप होल (सील खराब झाले की जिथून थेंब पडतात ते बारीक भोक) आणि केबिनमधला पाय ठेवण्याचा भाग पाहावा. काही गळत्या गार असतानाच होतात, कारण धातू आणि रबर आकसल्याने क्लॅम्प सैल पडतो. काही फक्त गरम झाल्यावर उघडतात. अशा वेळी कूलंटमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घालून काही दिवस गाडी चालवावी आणि मग अतिनील दिव्याने माग काढावा.

तरीही संशय राहिला तर कोअर कूलंटच्या वाटेतून वगळून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. इंजिनाच्या बाजूला दोन्ही होस सोडून एका तुकड्याने एकमेकांना जोडावेत. नुसते बूच मारू नये, कारण काही इंजिनांना त्या वाटेचा प्रवाह लागतो. आठवडाभर पातळी स्थिर राहिली आणि केबिन कोरडी राहिली, तर दोष कोअरचा. पातळी तरीही घटली, आणि बाहेर कोठे ओल नसली, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे सिलिंडर हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या सीलकडे, वळावे. टाकीवरची हवा निळ्या रासायनिक द्रवातून ओढल्यावर तो पिवळा पडला, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत आहे.

ही पायरी वगळण्याचा मोह अनेकांना होतो, आणि ती चूक महाग पडते. कोअर बदलायला बऱ्याच ट्रकमध्ये अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो, कधी एसीचा गॅसही आधी उतरवावा लागतो. एवढे करून दोष एका क्लॅम्पचा निघाला, तर श्रम फुकट. गळती बुजवणारी औषधे टाकीत ओतणेही टाळावे. कोअरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की भोकासोबत त्याही तुंबतात, मग एक होस गरम आणि दुसरा गार राहतो. होस काढताना तो पिळून ओढू नये, उभा कापावा. ओढाओढीत कोअरची धड असलेली नळीही वाकते.

नवा कोअर थोड्याच दिवसांत पुन्हा गळला, तर कूलंट तपासावे. त्यातली गंजरोधके संपली असतील, किंवा इंजिनाचे अर्थिंग खराब असल्याने कूलंटमधून वीजप्रवाह जात असेल, तर ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते.

दुरुस्तीनंतर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढावी. दोन्ही होस सारखे तापले की हवा निघाली असे समजावे, आणि इंजिन गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. काचेवरचा थर आणि वास मात्र काही दिवस रेंगाळतात, कारण एथिलीन ग्लायकॉल सावकाश उडते आणि फोममध्ये मुरलेले असते. फोम बाहेर काढून धुवावा. गळती थांबली की नाही, हे ठरवायला पुन्हा दाबाची चाचणीच घ्यावी, वासावर विसंबू नये.