ताम्हण

ताम्हण हा मेंदीच्या कुलातील (लिथ्रेसी) पानझडी वृक्ष आहे. त्याचे शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओजा. हिंदी आणि बंगालीत याला जारूल म्हणतात. ताम्हणाचे फूल हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. झाड एप्रिल ते जूनमध्ये बहरते, त्यामुळे १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाला, ते बहुधा ऐन फुलोऱ्यात असते.

शहरातल्या रस्त्यांवर आणि बागांत दिसणारा ताम्हण बुटका असतो, म्हणून त्याला केवळ शोभेचे झाड समजले जाते. खरे तर तो पाण्याकाठचा वृक्ष आहे. कोकणातील नदी-ओढ्यांचे काठ, पश्चिम घाटातील ओलसर जंगले, आसाम, बंगाल आणि तेथून म्यानमारमार्गे फिलिपिन्सपर्यंत तो आढळतो. गाळाची जमीन आणि मुबलक ओल मिळाली की पंधरा-वीस मीटरपर्यंत सहज वाढतो. फिकट करड्या सालीचे पातळ पापुद्रे सुटतात. लांबट, जाडसर पाने गळण्यापूर्वी तांबूस होतात.

फुले फांद्यांच्या टोकांना उभ्या तुऱ्यांत येतात आणि तुरा खालून वर उमलत जातो. प्रत्येक फुलाला बहुधा सहा पाकळ्या असतात. पाकळीचा तळ देठासारखा निमुळता आणि वरचा भाग चुरगळलेल्या रेशमासारखा असतो. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. उमलताना गडद असलेला जांभळा-गुलाबी रंग पुढे फिकट होत जातो, म्हणून एकाच तुऱ्यात त्याच्या अनेक छटा दिसतात. फुलांत मध नसतो. भुंगे आणि मधमाश्या येतात त्या परागांसाठी. टणक, गोलसर बोंडे पिकल्यावर तडकतात आणि पंख असलेले हलके बी वाऱ्यावर उडते. मागच्या वर्षीची रिकामी बोंडे नव्या फुलांसोबत झाडावर टिकून राहिलेली दिसतात.

लाकूड हा ताम्हणाचा सर्वांत मोलाचा भाग. ते तांबूस, कठीण आणि पाण्यात टिकाऊ असते. होड्या, धक्क्यांचे खांब, गाड्या, घरबांधणी आणि फर्निचर यांसाठी ते वापरतात. आसाम आणि म्यानमारमध्ये इमारती लाकूड म्हणून त्याला मोठा मान आहे. फिलिपिन्समध्ये हे झाड ‘बनाबा’ या नावाने ओळखले जाते आणि त्याच्या पानांचा काढा मधुमेहावर पारंपरिक उपाय म्हणून घेतात. पानांतील कोरोसोलिक आम्लावर त्या दृष्टीने संशोधन झाले आहे. मात्र चालू औषधे बंद करून त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

शास्त्रीय नावातील ‘लॅगरस्ट्रोमिया’ हे प्रजातीचे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याला वनस्पतींचे नमुने पुरवणाऱ्या माग्नुस फॉन लागरस्ट्रॉम या स्वीडिश व्यापाऱ्यावरून ठेवले. सह्याद्रीतील नाणा हा ताम्हणाचा जवळचा भाऊबंद. त्याची फुले लहान आणि पांढरी असतात.

लागवड बियांपासून होते. बी बारीक असल्याने वर मातीचा पातळ थरच द्यावा आणि रोपांना सतत ओल ठेवावी. भरपूर ऊन हवे. सावलीत फुलोरा कमी येतो. काँक्रीटने वेढलेल्या अरुंद खड्ड्यात हे झाड खुरटते. ओढ्याकाठी, तळ्याच्या बांधावर किंवा शेताच्या ओलसर कडेला लावले तरच त्याची खरी उंची आणि पसारा पाहायला मिळतो.