एकर

जमीन मोजण्याचे इंग्रजी माप. १ एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट किंवा सुमारे ४,०४७ चौ. मी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत मराठी आणि कन्नड शेतकरी रानाचा हिशेब आजही एकर-गुंठ्यातच करतात.

शब्द जुन्या इंग्रजीतला. मूळ अर्थ नुसता ‘शेत’. लॅटिन ‘अगेर’, जर्मन ‘आकर’ आणि संस्कृत ‘अज्र’ ही त्याचीच भावंडे. पुढे बैलांच्या एका औताने दिवसभरात नांगरून होईल तेवढे रान, असा अर्थ रूढ झाला. औत सारखे वळवावे लागू नये म्हणून पट्टे लांबच लांब ठेवत. ६६० फूट लांब आणि ६६ फूट रुंद पट्ट्याचे क्षेत्र बरोबर एक एकर भरते. कन्नडमधली ‘कूरिगे’ याच जातीची: ते पेरणीच्या पाभरीचे नाव आणि जमिनीचे मापही.

आपल्याकडे पूर्वी बिघा आणि चाहूर चालत. एकर रुजला तो मुंबई इलाख्यातल्या एकोणिसाव्या शतकातील जमीन मोजणीमुळे. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. तिच्या चौरसाला, म्हणजे १,०८९ चौ. फुटांना, गुंठा म्हणतात. गुंठ्याचे आणे १६. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच असल्याने हीच पद्धत इथे मुरली.

आज महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, कर्नाटकची पहाणी, म्हणजे तिथला जमिनीचा उतारा, एकर-गुंठे-आण्यांत. एक रान निपाणीत आणि दुसरे कागल तालुक्यात असेल, तर दोन उतारे दोन तऱ्हांनी वाचावे लागतात आणि घोटाळा होतो तो इथेच. पहाणीवरचे १-२५ म्हणजे सव्वा एकर नव्हे, तर एक एकर पंचवीस गुंठे. त्यात ०-३० मिळवले की २-१५ होतात. सातबाऱ्यावरचे ०.५० मात्र खरोखरच अर्धा हेक्टर असते, म्हणजे सुमारे १ एकर साडेनऊ गुंठे.

आर आणि गुंठा बोलण्यात सर्रास एकच धरतात. प्रत्यक्षात आर १०० चौ. मी. आणि गुंठा १०१.१७ चौ. मी. वाटणीपत्रात एकराऐवजी ४० आर लिहिले, तर जवळजवळ अर्धा गुंठा हातचा जातो. शिवाय ओढा, वाट, खडक यांची पोटखराब जमीन एकूण क्षेत्रातून वजा केल्यावरच लागवडीचे क्षेत्र कळते.