नव्या जंपिंग स्पायडरच्या मागचा जुना इतिहास

जंगलात जंपिंग स्पायडरची, म्हणजे उडी मारून शिकार करणाऱ्या कोळ्याची, नवीन प्रजाती सापडली अशी बातमी वाचली की वाटतं, कोणीतरी पान उलटलं आणि खाली आजवर कोणीच न पाहिलेला कोळी बसला होता. पान उलटणं होतंच, पण तो नवीन आहे हे जंगलात ठरत नाही, ते ठरतं मायक्रोस्कोपखाली आणि म्युझियममधल्या जुन्या बाटल्यांसमोर, आणि त्यात कधीकधी वर्षं जातात. असं का, ते समजायला पार 1757 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी कार्ल क्लर्क या स्वीडिश माणसाने तिथल्या कोळ्यांवर पुस्तक छापलं. प्राण्यांची शास्त्रीय नावं स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून धरतात, आधीचं काही चालत नाही, अपवाद एकच आणि तो म्हणजे क्लर्कचे कोळी! लिनियसने तर सगळे कोळी एकाच जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या एकाच गटात, टाकले होते. युरोपात भिंतींवर सर्रास दिसणारा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा जंपिंग स्पायडर म्हणजे सॅल्टिकस सीनिकस, त्यातलं सीनिकस हे क्लर्कचं. सॅल्टिकस हा जीनस 1804 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लात्रेयने केला आणि जंपिंग स्पायडरच्या अख्ख्या कुळाचं सॅल्टिसिडी हे नाव 1841 मध्ये इंग्रज कोळीतज्ज्ञ ब्लॅकवॉलचं.

एकोणिसाव्या शतकात जगभरातून दारूत बुडवलेले कोळी युरोपात पोचायला लागले आणि नावांचा पूरच आला. अडचण ही की वर्णनं बरीचशी रंगावरून व्हायची, आणि या कोळ्यांचा रंग अंगावरच्या बारीक खवल्यांचा आणि केसांचा असतो, ते घासले की गळून पडतात आणि अल्कोहोलमध्ये रंगही फिका पडतो. शिवाय नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की एकाच प्रजातीला दोन नावं मिळाली असंही झालंय. ऑस्ट्रेलियाच्या पीकॉक स्पायडरचं बघा. 1874 मध्ये इंग्रज कोळीतज्ज्ञ पिकार्ड-केंब्रिजने मेलेल्या नमुन्यावरून त्याचं नाव व्होलान्स, म्हणजे उडणारा, असं ठेवलं, कारण पोटाच्या बाजूच्या घड्या हवेत तरंगायला असतात असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात नर त्या घड्या पंख्यासारख्या पसरतो ते मादीसमोर नाचताना, उडण्याशी त्यांचा काही संबंध नाही. नाव मात्र तेच राहिलं, नियमाने नाव चुकीच्या समजुतीवर असलं तरी बदलत नाही.

मग विश्वास कशावर ठेवायचा? फ्रान्सच्या युजीन सिमोंने 1901 ते 1903 मध्ये जबड्याच्या दातांवरून या कुळाचे गट पाडले आणि ते बराच काळ चालले, पण प्रजाती ओळखायला दात पुरत नाहीत. खरी किल्ली निघाली पाल्पमध्ये. नर कोळ्याच्या तोंडाजवळ दोन छोटे पाय असतात, तेच पाल्प, त्यांच्या टोकाला फुगीर अवयव असतो, नर आपलं वीर्य त्यात भरून घेतो आणि तिथूनच मादीला देतो. त्या अवयवाची सुई, म्हणजे एम्बोलस, कुठून निघते, किती वळसे घेते, शेजारचा काटा कसा वाकलाय, हे सहसा प्रत्येक प्रजातीत वेगळं असतं, मादीच्या पोटाखालच्या एपिजाइनचंही, म्हणजे तिच्या जननेंद्रियाच्या बाहेरच्या कडक भागाचंही, तसंच. हे अवयव वाढ पूर्ण झाल्यावरच तयार होतात, म्हणून पिल्लू कितीही वेगळं दिसलं तरी त्याच्यावरून सहसा कोणी नाव देत नाही, पूर्ण वाढलेला कोळीच लागतो. पोलंडच्या येझी प्रुशिन्स्कींनी आयुष्यभर जुन्या नमुन्यांच्या या अवयवांची चित्रं काढून सगळ्यांसाठी खुली केली, मला तर हे काम कुठल्याही नवीन शोधाइतकंच मोठं वाटतं, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या दोन ओळींच्या लॅटिन वर्णनाशी आजचा कोळी जुळवायचा तर त्या चित्रांशिवाय हात बांधलेलेच. आजही शोधनिबंधात रिवाजाने डाव्या पाल्पचं चित्र देतात, म्हणजे दोन चित्रं थेट शेजारी ठेवता येतात.

ज्या एका नमुन्याला नाव बांधलेलं असतं तो होलोटाइप. आधी बरेच जण चार-पाच नमुन्यांवर मिळून नाव द्यायचे आणि नंतर त्यात दोन प्रजाती निघाल्या की गोंधळ, म्हणून आता 1999 नंतरच्या नावांना नाव-नमुना स्पष्ट सांगणं सक्तीचं आहे.

जंगलातल्या प्रजाती इतक्या उशिरा येतात त्याचं कारण साधं आहे, झाडांचा शेंडा. फांदीखाली कापड धरून काठीने झोडपलं की खालच्या झुडपातले कोळी पडतात, वरचे तिथेच राहतात. अमेरिकन कीटकतज्ज्ञ टेरी अर्विनने पनामात झाडांवर कीटकनाशकाचं धुकं सोडून भुंगे खाली पाडले, 1982 मधल्या त्याच्या निष्कर्षांनी वर केवढी दुनिया आहे याची चर्चा पेटली, आणि अशा धुक्यात कोळीही पडतातच. 2003 पासून डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखणं, आलं, त्यामुळे वेगवेगळे दिसणारे नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत का हे तपासता येतं. कोळीतज्ज्ञ वेन मॅडिसनने 2015 मध्ये या कुळाची उत्क्रांतीवर आधारलेली नवी मांडणी दिली, त्यामुळे नवीन कोळी कुळाच्या वंशवृक्षात कुठल्या फांदीवर बसतो हे सांगणं बरंच सोपं झालं.

आज या कुळात 6,000 च्या वर प्रजाती आहेत, कोळ्यांमधलं हे सगळ्यात मोठं कुळ. एप्रिल 2022 मध्ये जागतिक कॅटलॉगमध्ये कोळ्यांची 50,000 वी प्रजाती नोंदली गेली तीही जंपिंग स्पायडरच होती, दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि ब्युनोस आयर्सच्या परिसरात झाडाझुडपांवर राहणारी गुरिउरियस मिनुआनो.

आणि नाव मिळालं म्हणून कोळी कळला असंही नाही. मध्य अमेरिकेतल्या बघीरा किपलिंगीचं वर्णन पेकहॅम पती-पत्नींनी 1896 मध्ये केलं. तो शिकारीपेक्षा बाभळीच्या जातीतल्या झाडांच्या पानांच्या टोकाला येणारे पौष्टिक कोंब जास्त खातो, मुंग्यांचा पहारा चुकवून, हे छापून आलं 2009 मध्ये.