झांजेला गज लावला तं

दिवाळीच्या सुट्टीत भाची गावाला आली ती व्हायोलिन घेऊनच. नागपूरला क्लास लावलाय, वर्ष झालं, अजून कोणतं गाणं आहे ते ओळखू येत नाही पण पोरगी नेटानं घासते. ओट्यावर तिचं चाललेलं आणि बाजूला आबाजी भजन मंडळाच्या झांजा चिंच लावून चकचकीत करत बसलेले. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, तुकडोजी महाराजांची मोझरी तशी जवळच, त्यामुळे संध्याकाळी प्रार्थना, मग खंजिरी-झांज-पेटी हे ठरलेलं. तर हिला काय सुचलं देव जाणे, तिनं धुतलेली एक झांज उचलली, दोरी बोटात धरली आणि व्हायोलिनचा गज, म्हणजे तार घासायची ती केस ताणलेली काठी, झांजेच्या काठाला लावून वरून खाली ओढला.

आधी नुसतं खर्रर्र. दुसऱ्यांदाही खर्रर्र. तिसऱ्यांदा हळू ओढला तेव्हा मात्र झांजेतून एक लांब, बारीक, हळूहळू मोठा होत जाणारा सूर निघाला, ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून बसलं आणि आबाजी म्हणाले, "हे तं ठोकल्यावाचूनच वाजून रायलं बे!"

साठ वर्षं झांज वाजवलेल्या माणसानं तो आवाज कधी ऐकला नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मीही नव्हता ऐकला. मग सुट्टीचे उरलेले दिवस आम्ही मामा-भाचीनं घरातल्या दिसेल त्या वस्तूला गज लावण्यात घालवले.

ठोकल्यावर काय होतं ते आधी बघू. झांजेवर झांज आपटली की दोघींचा स्पर्श क्षणभराचा असतो, तेवढ्यात जी काय ताकद द्यायची ती देऊन झाली, पुढे तुमच्या हातात काही नाही, फार तर छातीला दाबून आवाज बंद करता येतो. त्या एका तडाख्यात झांज एकाच वेळी कितीतरी प्रकारांनी थरथरायला लागते आणि प्रत्येक थरथरीचा सूर वेगळा. तारेच्या वाद्यात हे सूर शिस्तीत असतात, मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे. धातूच्या वस्तूत ती शिस्त नाही. एक साधी सरळ सळई दोरीला टांगून ठोकली तर तिचा दुसरा सूर पहिल्याच्या २.७६ पट निघतो आणि तिसरा ५.४ पट, म्हणजे कशाचा कशाला मेळ नाही. आपल्या कानाला तो जो "झण्ण" ऐकू येतो ना, तो या बेशिस्त सुरांचा घोळका आहे, वरचे सूर आधी मरतात, खालचे मागे रेंगाळतात.

आता गज. बैलबंडीचा आख वंगण संपलं की का कुरकुरतो, विहिरीची कप्पी का ओरडते, त्यातच सगळं आहे. घरी करून बघायचं असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची एक लांब पट्टी कापा, ती विटेला बांधा आणि वीट ओट्यावरून हळूहळू ओढा. तुमचा हात सरळ चाललाय पण वीट सरळ येत नाही. ती आधी जागेवर अडून बसते, रबर ताणत जातं, ताणत जातं, मग एकदम वीट फुटभर पुढे उडी मारते आणि परत अडते. कारण थांबलेल्या वस्तूला हलवायला जास्त जोर लागतो, एकदा सरकायला लागली की कमी जोर पुरतो. कापसाचं गाठोडं ज्यानं खोलीभर ढकललंय त्याला हे सांगायला नको. अडणं-घसरणं, अडणं-घसरणं, बास एवढंच.

गजाचे केस (घोड्याच्या शेपटीचे असतात, एका गजात दीडशेच्या आसपास) झांजेच्या काठाला चिकटतात, काठाला सोबत ओढून नेतात, धातू वाकतो, वाकून वाकून त्याचा परत यायचा जोर वाढतो आणि एका क्षणी तो केसांच्या पकडीतून सुटून मागे पळतो. मागे जाऊन परत येताना केस त्याला पुन्हा पकडतात. ४४० कंपनांचा सूर असेल तर हे सेकंदाला ४४० वेळा.

मला यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट ही की कधी सुटायचं हे गज ठरवत नाही, वाजवणारा पण नाही. ते झांज ठरवते. तुम्ही गज एकसारखा ओढताय, त्यात कुठेही ४४० नाहीये. काठ परत यायला जेवढा वेळ घेतो त्या तालात पकड आणि सुटका होते, आणि दर फेरीला हातातली थोडी ताकद बरोबर वेळेवर धातूत जाते. म्हणून आवाज मरत नाही, वाढत जातो. आणि दर फेरी अगदी पहिल्या फेरीसारखीच झाली की बेशिस्त सुरांना जागाच राहत नाही, जे एकसारख्या पुनरावृत्तीत बसतात तेच टिकतात, दुप्पट, तिप्पट वाले. म्हणून तीच झांज गजावर घासली की बासरीसारखी नाहीतर कोणी तोंड मिटून गुणगुणल्यासारखी वाटते. शिवाय ठोक्याचा तो सुरुवातीचा "ठण्ण" गायब असतो आणि आपला कान वाद्य ओळखतो ते बऱ्याच अंशी त्या सुरुवातीवरूनच. डोळे मिटायला लावून आबाजींना विचारलं तर म्हणे पेटीचा भाता लीक झालाय.

राळ नसेल तर हे काहीच होत नाही बरं का. कोरा गज नुसता सरकतो. व्हायोलिनवाले रोझीन म्हणतात ती वडी म्हणजे चीड वगैरे झाडांच्या चिकाची राळ, मोबाईल रिपेअरवाल्याकडे सोल्डरिंगला असते तीच जात. तिची गंमत अशी की ती थंड असताना घट्ट पकडते आणि घसरताना घर्षणानं तापली की मऊ पडून सुटू देते, घसरणं थांबलं की परत पकड. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला गेला की भाची म्हणते वडी डबीलाच चिकटून बसते, त्यामुळे हा उद्योग हिवाळ्यातलाच समजा.

आता हँडचाइम. हे वाद्य आपल्याकडे फारसं दिसत नाही, अमेरिकेत शाळांमधून आणि चर्चमधून वाजवतात. अ‍ॅल्युमिनियमची पोकळ नळी, वरच्या बाजूनं उभी चिरलेली, म्हणजे मुठीच्या वर दोन दांडे, शाळेच्या लॅबमधल्या ट्यूनिंग फोर्कसारखे, आणि बाहेरून एक छोटी हातोडी बसवलेली. एका चाइमचा एकच सूर. दहा-बारा जण मिळून एक गाणं वाजवतात, प्रत्येकानं आपला सूर आला की मनगट झटकायचं आणि बंद करायला चाइम खांद्याला टेकवायची. काही वादक हातोडी सोडून दांड्याच्या टोकाला गज लावतात आणि मग तो सूर हवा तेवढा लांबवता येतो. व्हिडिओत बघितलं आणि भाची म्हणाली, मामा आपण बनवू.

स्लायडिंग खिडक्या बसवणाऱ्याकडून चौकोनी पाइपचा हातभर तुकडा आणला, फुकटच दिला त्यानं. हॅक्सॉनं समोरासमोरच्या दोन भिंती वरून खाली चिरत गेलो, दोन तास लागले, पातं दोनदा तुटलं. वाजवलं तर "टक". लाकडासारखं. वाईट वाटलं. नीट मोजलं तेव्हा कळलं की माझी चीर तिरकी गेलीय, एका बाजूचा दांडा खाली दोन-तीन मिलिमीटर जाड राहिलाय. फोर्कमध्ये दोन्ही दांडे एकाच वेळी जवळ येतात आणि एकाच वेळी लांब जातात, त्यामुळे मुठीपाशी दोघांचे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात आणि धरणाऱ्या हातात काही जात नाही. दांडे सारखे नसले की हिशोब बिघडतो, उरलेला धक्का हातात जातो आणि आवाज तिथेच जिरतो. मग कानस घेऊन बसलो. थोडं घासायचं, वाजवायचं, परत घासायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला "टक" चा "टंऽऽऽ" झाला आणि मुठीत थरथर जाणवेनाशी झाली. त्या दिवशी मी फोर्क पंधरा वर्षं शिकवूनही पहिल्यांदा समजलो असं वाटलं.

गज लावताना परत गाडी अडली. पोरगी दांड्याच्या अंगावरून लांबीच्या दिशेनं गज ओढत होती, नुसता चीं चीं. गज त्याच दिशेनं हलला पाहिजे ज्या दिशेनं धातू हलतो. दांडे उघड-मीट करतात, तर टोकाच्या कडेवरून उघड-मीटीच्याच दिशेनं ओढायचा आणि फक्त एका दांड्यावरून, दुसऱ्याला लागला की तो मुका होतो. झांजेचा काठ वर-खाली हलतो म्हणून तिथे गज उभा ओढायचा, भाचीला पहिल्याच दिवशी ते नकळत जमलं होतं. टोकाला किंवा काठालाच का, तर तिथे हालचाल सगळ्यात जास्त. बुडाशी कितीही घासा, काही नाही.

आणखी एक, घाई करायची नाही. जाड आणि लांब चाइमला बोलायला वेळ लागतो, दर फेरीला थोडी थोडीच ताकद साठते. गज जोरात मारला की मूळ सूर बाजूला राहतो आणि त्याच्या वरचा किंचाळतो, अशा दांड्याचा वरचा सूर मूळ सुराच्या तब्बल सव्वासहा पट असतो, कानात सुई गेल्यासारखा. आणि सूर जमला की गज चटकन उचलायचा, तिथेच टेकवून ठेवला तर तोच केसांचा गुच्छ आवाज दाबून टाकतो. लांबीचं गणित पण मजेशीर आहे, जाडी तीच ठेवून दांडा अर्धा केला तर सूर दुप्पट नाही, चौपट वर जातो, म्हणजे सरळ दोन सप्तकं. तारेचं डोकं इथे चालत नाही.

हे सगळं नवीन फॅड आहे असं मला वाटलेलं, पण नाही. जर्मनीतल्या अर्न्स्ट क्लाडनी या शास्त्रज्ञानं १७८७ मध्ये छापलेल्या पुस्तकात धातूच्या पत्र्याच्या काठाला व्हायोलिनचा गज लावायचा प्रयोग दिलाय. पत्रा मधोमध पक्का करायचा, वर बारीक वाळू भुरभुरायची, काठावर गज ओढायचा. वाळू नाचते आणि जिथे पत्रा हलत नाही त्या रेघांवर जाऊन बसते, चांदण्या, चौकटी, वेलबुट्टी. बोटानं काठाची एखादी जागा दाबली की नक्षी बदलते आणि सूरही. १८०९ मध्ये त्यानं हे पॅरिसला नेपोलियनला दाखवलं, बादशहा इतका खूश की या नक्षीमागचं गणित सोडवणाऱ्याला ३,००० फ्रँकचं बक्षीस ठेवायला लावलं. ते १८१६ मध्ये सोफी जर्मेन या फ्रेंच गणितज्ञ बाईनं मिळवलं, तिसऱ्या प्रयत्नात, आणि तिला बाई म्हणून कॉलेजात प्रवेशसुद्धा नव्हता. आम्ही पिंपाच्या पत्र्याचा चौकोन कापून स्टुलावर बोल्टनं आवळला आणि वाळूऐवजी रांगोळी टाकली, झकास चालते. ताईनं म्हटलं कणीक टाकून बघा, तर एकदम बारीक पीठ उलट्या जागी जमायला लागलं, जिथे पत्रा जास्त हलतो तिथे! मला वाटलं आमचंच चुकलं. पण ते बरोबर आहे, मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये याचं कारण शोधलं होतं, हलणाऱ्या पत्र्यावर हवेचे छोटे छोटे प्रवाह तयार होतात आणि हलकं पीठ त्यांच्यासोबत वाहत जातं, जड वाळू जात नाही.

आपल्या बाजूचा माणूस पण यात आहे, सी. व्ही. रामन. प्रकाशाच्या कामासाठी नोबेल मिळालं ते १९३० मध्ये, त्याच्या आधी कितीतरी वर्षं ते वाद्यांच्याच मागे होते. सरकारी अकाउंट्स खात्यातली नोकरी, रंगूनहून बदली होऊन १९१० मध्ये थोडे दिवस नागपूरलाही होते. पुढे कलकत्त्याला त्यांनी गजानं घासलेली तार नेमकी कशी हलते यावर १९१८ मध्ये मोठा ग्रंथच काढला. तबला-मृदंगावरही लिहिलं, मधल्या काळ्या शाईच्या थरामुळे चामड्याचे बेशिस्त सूर कसे शिस्तीत येतात ते. झांजेला शाई लावता येत नाही, म्हणून गज, असं मी आपलं वर्गात सांगतो, पोरं हसतात.

तसा गज आपल्या भागाला नवा थोडाच आहे. परधान लोक गोंडांच्या देवांच्या कथा सांगताना किकरी वाजवतात ती गजानेच. फक्त तो तारेवर. धातूवर लावायचं काम आता बाहेरचे तालवादक सर्रास करतात, व्हायब्राफोन नावाच्या वाद्याच्या धातूच्या पट्ट्यांच्या टोकाला, मोठ्या झांजांना, घंगाळाएवढ्या गाँगला. भुताच्या सिनेमात दार उघडायच्या आधी अंगावर काटा आणणारा जो आवाज येतो ना, तो बरेचदा वॉटरफोनचा, तळाशी पाणी भरलेलं भांडं, काठाला उभ्या सळया आणि सळयांवर गज. पाणी डुचमळलं की सूर वाकतो.

आमच्याकडे काय काय चाललं ते सांगतो. काशाची थाळी उत्तम. स्टीलची परात बरी, पण भसाडी. टाळ फार जाड आणि लहान, हट्टी आहेत, एकदाच बोलले. बाजारातला सगळ्यात स्वस्त गज घ्या, कारण धातूची कड केस कापते, आमचे पाच-पन्नास तुटले असतील. कड आधी पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा. शाळेच्या घंटेला, म्हणजे रुळाच्या तुकड्याला, दोन दिवस झटलो, हूं नाही की चूं नाही, गंज आणि वजन दोन्ही आडवे आले.

राळेचं मात्र लक्षात नव्हतं. मंडळाच्या झांजेच्या काठाला पांढरा चिकट थर बसला, त्यावर धूळ, आणि प्रार्थनेच्या वेळी झांज वाजेना तशी. आबाजींनी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली, "तुही विज्ञान राहू दे मास्तर, आधी हे पुसून आण." चिंचेनं निघत नाही, साबणानं पण नाही. स्पिरिटचा बोळा फिरवला तेव्हा गेली.